उत्सवाने राखिलेली कला

'कला जगली पाहिजे' हे वाक्य आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्यातील कर्ता कोण याचा विचार करण्याची गरज आपणांस भासत नाही. व्याकरणात कर्ता कला आहे खरी. पण कला स्वतःहून जगत नाही. ती कोणाच्या तरी बोटांत, कोणाच्या तरी कंठात, कोणाच्या तरी वाकलेल्या पाठीत आणि मंदावत चाललेल्या दृष्टीत जगते. म्हणजे 'कला जगली पाहिजे' असे आम्ही म्हणतो तेव्हा 'कोणीतरी ती जगवीत राहिले पाहिजे' असेच म्हणत असतो. आणि ते कोणीतरी बहुधा आम्ही नसतो. हा कोणीतरी कोण, आणि त्याजकडून ही अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. तो आमच्या देवळांच्या दाराशीच उभा आहे. परंतु दारातल्या प्रश्नाकडे नीट पाहणे नेहमीच अवघड जाते. म्हणून आरंभी जरा दूरच्या एका गावी जाऊ.

पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर, पोर्तो शहराच्या उत्तरेस, आव्हे नदी समुद्रास मिळते तेथे व्हिला दो कोंद नावाचे गाव आहे. गोमंतकातील वाचकांना हे नाव फारसे परिचयाचे नसेल. पण त्या गावाचा आणि आपल्या सागराचा संबंध जुना आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांची गलबते ज्या गोद्यांत बांधली जात, त्यांपैकी एक महत्त्वाची गोदी या गावी होती. पुरुष गलबते बांधीत, त्यांवर चढून जात, किंवा मासेमारीला जात. स्त्रिया मागे राहत आणि दारात बसून लेस विणीत. पोर्तुगीज भाषेत एक म्हण आहे की, जेथे मासेमारीची जाळी असतात तेथे लेस असते. त्या भाषेत या दोन शब्दांचा नाद जुळतो. मराठीत तर तो अधिकच जुळतो : जेथे जाळे, तेथे जाळी.

या जाळीची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण आमच्याकडे लेस म्हटले की क्रोशाच्या सुईचे काम डोळ्यांपुढे येते. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून ते पुष्कळ चालत आले आहे आणि हिंदू घरांतही रुजले आहे. व्हिला दो कोंदच्या कामात सुई नाही. गवताने भरलेला एक लोड लाकडी घडवंचीवर ठेवतात. त्यावर केशरी-पिवळ्या रंगाचा जाड कागद ताणून बसवितात. नक्षीच्या खुणा त्यावर टोचलेल्या असतात, आणि पांढरा दोरा दिवसभर पाहून डोळे शिणू नयेत म्हणून तो रंग. दोऱ्याची टोके लहान लहान लाकडी दांडक्यांवर गुंडाळलेली असतात. त्यांना 'बिल्रो' म्हणतात. ही दांडकी जोडीजोडीने चालतात. हालचाली मूळच्या दोनच : एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडून नेणे आणि पीळ देणे. प्रत्येक गाठीपाशी टाचणी टोचायची, विणीने पुरेसा धीर धरला की मागची टाचणी काढून पुढे लावायची. साध्या किनारीला थोड्या जोड्या पुरतात; मोठ्या नक्षीला शेकडो लागतात. त्या एकमेकींवर आपटत असताना जो बारीक खुळखुळाट होतो, त्यावरून म्हणे विणणारीचा हात ओळखता येतो. वीतभर पट्टीला कित्येक तास लागतात, आणि एक दांडके चुकले तर चूक सापडेपर्यंत मागे जावे लागते.

पोर्तुगीज भाषेत या कामाला 'रेंद' म्हणतात. गोमंतकीयांना हा शब्द वेगळ्याच अर्थाने ठाऊक आहे. माडाचा मक्ता तो रेंद, आणि त्यावरून माडाची सूर काढणारा तो रेंदेर. पोर्तुगीजांतही उत्पन्न आणि खंड यांना 'रेंद'च म्हणतात. दोन शब्दांचे उच्चार सारखे असले म्हणजे त्यांचे कूळ एकच असते असे नव्हे, आणि येथे आम्ही तसा दावाही करीत नाही. परंतु जाळी आणि खंड यांना एकच नाद असावा हे त्या विणकरणींच्या इतिहासाकडे पाहता अगदी अयोग्य वाटत नाही. लेस नेसणारी एक असे, विणणारी दुसरी. आणि दोघींच्या मध्ये व्यापारी उभा असे.

१७४९ साली पाचव्या जुवांव राजाने उधळपट्टीला आळा घालण्यासाठी एक कायदा केला व लेसच्या वापरावर बंदी घातली. नीतीच्या दृष्टीने कायदा वाईट नव्हता. दरबारी लोकांच्या गळ्याभोवतीची आणि मनगटावरची जाळी कमी झाली असती तर राज्याचे काहीच बिघडले नसते. परंतु त्या जाळीच्या दुसऱ्या टोकाला किनाऱ्यावरच्या स्त्रियांची चूल होती. त्यांनी गाऱ्हाणे घातले आणि सवलत मिळविली. आम्हांस या घटनेत मोठे मर्म दिसते. चैनीची वस्तू बनविणाऱ्याची स्वतःची चैन क्वचितच असते; आणि साधेपणाचा उपदेश वरून खाली येतो तेव्हा त्याचा पहिला आघात सर्वांत खालच्या हातावर होतो.

पुढे राजाच्या कायद्याने जे झाले नाही ते यंत्राने झाले. इंग्लंडात १८०९ साली जॉन हीथकोट याने जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले, आणि त्या शतकात हातच्या लेसचा बाजार सर्व युरोपभर खचत गेला. व्हिला दो कोंदची लेस मात्र नाहीशी झाली नाही. १९१८ साली तेथे लेसची शाळा निघाली. १९९१ साली अठराव्या शतकातील एका जुन्या वाड्यात लेसचे संग्रहालय उघडले. पण शाळा आणि संग्रहालय यांनीच ही कला राखिली असे म्हणणे अपुरे होईल. शाळेत मुली यावयाच्या तर लेस विणणे ही गावात प्रतिष्ठेची गोष्ट असली पाहिजे. आणि ती प्रतिष्ठा दिली गावच्या उत्सवाने.

हा उत्सव म्हणजे सांजांव, २४ जूनचा. गोव्यात त्या दिवशी पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या पडतात, डोक्यावर फुलांची कोपेलां चढतात, जावयांचे कौतुक होते. आमच्यातील कितीतरी जणांनी शेजारधर्माने ही मौज पाहिली आहे. व्हिला दो कोंदचा ग्रामसंतही तोच. तेथे विणकरणींचे दोन ताफे आहेत, एक 'मोंत' म्हणजे टेकडीच्या वाड्याचा, दुसरा 'प्रास' म्हणजे चौकाच्या वाड्याचा. दोघांत चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सणाला ते लेस मिरवीत, गात, नाचत गावातून निघतात, आणि कोणाचा ताफा सरस ठरला यावर पुढे वर्षभर वाद चालतो. शिगम्याला दोन वाड्यांचे रोमटामेळ समोरासमोर आलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या चुरशीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती क्षुद्र नव्हे. सणापुरती जी कला उरली ती जिवंत म्हणावी काय? वर्षातून एक दिवस मिरविण्यासाठी जे विणले जाते ते वस्त्र आहे की वस्त्राची आठवण? औषधावर जगणारा मनुष्य जिवंत असतो, पण त्याला कोणी धडधाकट म्हणत नाही. ही शंका घेणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू की, बाजारावर जगणे हे तरी निरोगी जगणे होते काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी युरोपात जावयास नको. आंध्रातील नरसापूर पुरे आहे.

पश्चिम गोदावरीच्या मुखाशी असलेल्या या भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. पुढे तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील विणकरणींचा अभ्यास करून १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य गोष्ट अशी : घरचे सगळे काम उरकून या स्त्रिया दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणीत, त्यांची लेस परदेशच्या बाजारांत जाई, व्यापार पुरुषांच्या हाती असे, आणि तरीही त्यांस कोणी कामगार मानीत नसे. त्या गृहिणी होत्या, आणि विणकाम हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग! एकदा 'फावला वेळ' म्हटले की मजुरीचा प्रश्नच उरत नाही, कारण फावल्या वेळेची मजुरी कोण मागतो? नरसापूरची कला तेव्हा चांगली जिवंत होती, वाढत होती, समुद्र ओलांडीत होती. विणणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र कोठेच नव्हते. तेव्हा कला जिवंत आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या अटीवर जिवंत आहे, हे विचारले पाहिजे.

उत्सव आणि बाजार यांतील भेद येथे दिसू लागतो. बाजारात वस्तू हातापासून तुटते. लेस पुढे जाते, हात मागे राहतो. उत्सवात लेस आणि तिला विणणारी स्त्री एकत्र चालतात. जिने विणली तीच मिरविते, आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेल्या सर्वांना ठाऊक असते की ही अमक्याची सून, ही अमक्याची नात, आणि ही नक्षी तिच्या आजीची. हे लहान वाटते, परंतु नरसापूरच्या स्त्रीला जे मिळाले नाही ते नेमके हेच होय. त्या एका दिवशी गाव तिचे देणे लागतो, आणि ते गावाला ठाऊक असते.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे आम्हांस मान्य नाही. नावाजणे म्हणजे देणे फेडणे नव्हे. २०१५ साली व्हिला दो कोंदच्या विणकरणींनी आपापले तुकडे जोडून जगातील सर्वांत मोठी हातची लेस तयार केली आणि विक्रम नोंदविला. कौतुक करण्यासारखेच आहे. तरी असले विक्रम पाहून आमचे मन थोडे साशंक होते. नाजूकपणा हाच जिचा प्राण, ती कला आकाराने मोठी करून दाखवावी लागली की समजावे, पाहणाऱ्यांची नजर आता जवळ येऊन पाहण्याचे विसरू लागली आहे. परंतु हा आमच्या आवडीनिवडीचा प्रश्न झाला. तो बाजूस ठेवू.

आता दाराशी उभ्या असलेल्या प्रश्नाकडे वळू. आमची देवळेही उत्सवांनी कला राखीत आली आहेत. नवरात्रात गोमंतकातील कितीतरी देवळांत मखर रात्री रात्री नवे नटते, आणि त्यात बसलेली देवता सनई-चौघुड्याच्या साथीने झोके घेते. ते मखर सजविणारे हात, ती सनई फुंकणारा ऊर, पालखीवरचे कोरीवकाम, रथाचे सुतारकाम, हे सर्व उत्सवानेच पोसले. देव हा गिऱ्हाईक म्हणून फार उदार. तो घाई करीत नाही, घासाघीस करीत नाही, स्वस्तातला माल मागत नाही. घासाघीस करतात ती माणसे, देवाच्या नावाने. अभिमान बाळगावा असा हा वारसा आहे आणि आम्ही तो बाळगतो. परंतु त्याच देवळांच्या मंडपांत एक कला दुसऱ्या एका अटीवर जगविली गेली, आणि ती अट आठवणे या अभिमानाच्या पोटी अवश्य आहे. गोमंतकातील देवळांनी गायन राखिले असे आपण म्हणतो. गायन राखिले कोणी? देवाशी लग्न लावून दिलेल्या, आणि म्हणून कोणा मनुष्याची धर्मपत्नी होण्याचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी. त्यांच्या सुरांवाचून उत्सव होत नसे, आणि उत्सव संपल्यावर गावच्या मंगलकार्यांत त्यांच्या मुलीबाळींना बरोबरीचे पान मिळत नसे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक नादांची एक तबकडी आकाशात गेली, आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. तारामंडळात जाण्यास जो सूर योग्य ठरला, तो ज्या समाजाने सांभाळला त्या समाजाला स्वतःच्या गावात सरळ मानेने चालण्यासाठी मोठी चळवळ करावी लागली. राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मकथनाला 'मी कोण?' हे नाव दिले ते उगाच नव्हे.

'पण त्याच अटीमुळे कला इतकी खोल गेली ना?' असे कोणी म्हणेल. म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पिढीजात बंधनाने हात लहानपणीच वळतो. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याची एकाग्रता अभंग राहते. व्हिला दो कोंदच्या मुलीही चार-पाच वर्षांच्या असतानाच लोडासमोर बसविल्या जात. बंधन सुटले की पीळ सैल होतो, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न इतकाच की, त्या सैल झालेल्या पिळाचे दुःख करण्याचा अधिकार कोणाचा? जिने तो पीळ सोसला तिचा आहे. मंडपात लोडाला टेकून ज्याने ऐकले, त्याचा आम्हांस तरी दिसत नाही.

या ठिकाणी निष्काम कर्माचा उपदेश पुढे करण्याची एक रीत आमच्यात पडली आहे. 'ही सेवा आहे, तिचे मोल करू नये' असे सनईवाल्यास, मखरवाल्यास, देवळाचा पितळी समया घासणाऱ्या बाईस सांगण्यात येते. गीतेतील तो विचार अत्यंत थोर आहे. परंतु तो कर्त्याने स्वतःच्या मनाशी करावयाचा आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याला तो ऐकविला की त्याचा उपदेश राहत नाही, ती थकबाकी बुडविण्याची युक्ती होते. काम हीच पूजा असे गोरोबांनी मानले, सावतोबांनी मानले. गोरोबांची मडकी घेऊन जाणाऱ्याने ते मानून पैसे द्यावयाचे टाळले असते, तर त्याला संत कोणी म्हटले असते काय?

मग उत्सवाने कला राखावी की राखू नये? आमचे मत असे की, राखावीच; पण उत्सवाने ज्यांच्यावर भार टाकला ते कोण हे आधी पाहावे. व्हिला दो कोंदमध्ये, निदान आज, हा भार एका कुळावर नाही. टेकडीचा वाडा आणि चौकाचा वाडा, म्हणजे जवळजवळ सारा जुना गाव, त्या चुरशीत आहे. शाळेत जिला यावेसे वाटेल ती येते आणि नको वाटले तर उठून जाते. जी बसते तिच्या हातात कदाचित तिच्या पणजीची सफाई नसेल. ती दिवसा दुसरी नोकरी करीत असेल आणि संध्याकाळी लोडापाशी बसत असेल. परंतु तिला कोणी बसविलेले नाही. कलेचे हे पातळ झालेले रूप आम्हांस त्या जुन्या दाट रूपाहून अधिक मोलाचे वाटते, आणि हे म्हणताना काय गमावले जात आहे याची जाणीव आम्हांस नाही असे नव्हे. पणजीची ती नक्षी पुन्हा त्या बारकाईने कोणी विणणार नाही. एखादी गेलेली बंदिश पुन्हा कोणी तशी गाणार नाही. ही हानी खरी आहे, आणि ती भरून येणारी नाही.

परंतु आमच्या देवळांपुढे जो प्रश्न आहे तो याहून साधा आहे, आणि त्याला तत्त्वज्ञानापेक्षा वहीची गरज अधिक आहे. जत्रेच्या हिशेबात तेलाचा खर्च असतो, फुलांचा असतो, मंडप व दिव्यांच्या रोषणाईचा असतो, दारूकामाचा तर पुष्कळच असतो. बाहेरून आणलेल्या गवयाची बिदागीही ठळक अक्षरांत लिहिलेली असते. गावच्याच चौघुडेवाल्याच्या नावापुढे मात्र कितीतरी ठिकाणी आजही नारळ, तांदूळ आणि पूर्वापार चालत आलेली एक लहानशी रक्कम असते. त्याचा मुलगा शहरात नोकरीला गेला म्हणून जत्रेच्या रात्री कर्णा लावून सनईची तबकडी वाजविण्याची पाळी आली, तेव्हा महाजन मंडळींनी 'कला बुडाली' म्हणून हळहळ केल्याचे आम्ही ऐकले आहे. मुलाला शिकण्यासाठी देवळाने काही दिले होते काय, आणि दुसऱ्या वाड्यातील एखाद्या मुलाने, मग तो महाजनांच्या घरचा का असेना, सनई शिकावी असे कोणी सुचविले होते काय, हे आम्ही विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले. दुसऱ्या प्रश्नावर मंडळी हसली.